आक्काच्या रेडिओची पाती

रेडिओची पेटी तयार झाली तेव्हा तिच्या आत काहीच नव्हतं. बाहेरून मात्र ती थेट जुन्या जमान्यातली दिसत होती. गोल खांद्यांची, गडद लाकडाची, पुढे जाळीदार कापड, मधोमध गोल तबकडी आणि खाली दोन बटणं. आमच्या लहानपणी घरात अगदी असाच रेडिओ होता. मी नऊ वर्षांचा असताना आत काय आहे ते बघायला तो खोलला आणि तो पुन्हा कधी जुळला नाही. बाबांसमोर आक्काने ते स्वतःवर घेतलं. त्याची भरपाई मी बासष्टाव्या वर्षी करायला बसलो होतो. उशीर झालाय हे मलाही दिसत होतं.

आक्का माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. तिने सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. बाहेरगावचा फोन तेव्हा तीन-तीन मिनिटांचा मिळायचा आणि वेळ भरली की ऑपरेटर मध्ये येऊन विचारायची, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" आक्काचा तो कामावरचा आवाज घरच्या आवाजापेक्षा वेगळा होता, कडक इस्त्रीचा. आम्ही दोघंही बिनलग्नाचे. तिचं माझ्यामुळे राहिलं आणि माझं माझ्या स्वभावामुळे, असं नातेवाईक म्हणत. दुसरी गोष्ट तरी खरी आहे.

माझा स्वभाव माझ्या कामाने घडवला. चौतीस वर्षं मी स्प्रिंगांच्या कारखान्यात तपासणी खोलीत होतो. पोलादाची पट्टी किंवा स्प्रिंग यंत्रावर चढवायची आणि तुटेपर्यंत वाकवत राहायची. एक कोटी वेळा वाकूनही जी तुटत नाही, ती पुढे तुटत नाही असं आमच्या धंद्यात धरून चालतात. कारखान्यात मला कोटीमहाराज म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे, पण ऐकू येईल इतक्याच पाठीमागे. माझ्या खोलीत दोनच नियम होते. पट्टीला मुळाशी, म्हणजे जिथे ती चापात धरली जाते तिथे, साधा ओरखडाही चालणार नाही, कारण भेग तिथूनच सुरू होते. आणि कुठलीही गोष्ट तीनदा मोजायची. एक वाचन म्हणजे काहीच नाही, दोन म्हणजे योगायोग, तीन म्हणजे वस्तुस्थिती.

आक्काला एक सवय होती. भाजी चिरताना, पेपर वाचताना, अगदी बोलता बोलताही ती मध्येच क्षणभर थांबायची, ओठ हलायचे आणि पुन्हा पुढे सुरू. मी चिडवायचो की देवाशी बोलतेस की काय. ती म्हणायची, "जित्याची खोड आहे रे, मेल्याशिवाय जायची नाही." कधी त्यावर घड्याळ लावून बघावं असं मला सुचलं नाही.

या वर्षी तिचं हृदय थकलं. डॉक्टरांनी इस्पितळातून घरी पाठवलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता फार तर तीन-चार दिवस. तिचा आवाज गेला होता. मी तिच्या उशाशी वही आणि माझी कामाची पेन्सिल ठेवली. श्वास बेभरवशाचा झाला होता. चार-पाच घ्यायची, मग लांब खंड पडायचा, आणि त्या खंडात मी दारात उभा राहून बोटांवर सेकंद मोजायचो. ओठ हलणंही थांबलं होतं. त्याच दोन दिवसांत माझी छाती भरून यायला लागली. लहानपणी मला दम्यासारखं काहीतरी होतं म्हणतात, पण तेव्हापासून सत्तावन्न वर्षांत कधी साधी धाप लागली नव्हती. पेटी घासताना लाकडाचा भुसा नाकात गेला असणार असं मी धरलं.

रविवारी तिने वहीत लिहिलं, "आधी पातीचा आवाज येऊ दे. गाणी नंतर."

जुन्या रेडिओला घरची वीज लागत नसे, तो बॅटरीवर चाले. बॅटरीची मोजकी वीज वाढवायला आत एक पोलादी पाती असायची. एक टोक चापात घट्ट, दुसरं मोकळं. शेजारचं विजेचं चुंबक तिला ओढायचं, ओढली गेली की जोड तुटायचा, जोड तुटला की ती परत यायची. विजेच्या घंटीचीच तऱ्हा, फक्त सेकंदाला शंभर वेळा. त्यामुळे रेडिओ लावला की बातम्यांच्या आधी काही क्षण एक गुणगुण यायची. हल्लीच्या सुट्या भागांनी हे काम आवाज न करता होतं, पण आक्काला ती गुणगुणच हवी होती.

मी पाती कापली, कडा घासल्या. चाप कुठे येणार त्याची रेघ मारायची होती आणि पेन्सिल आक्काच्या उशाशी होती. तिला नुकती झोप लागली होती. मी पोलादी सुईने रेघ मारली, बरोबर मुळाशी. हाताखालच्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला दिवसभर बोल लावला असता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या वेळी मला ते जाणवलंसुद्धा नाही. घाई होती, एवढंच.

सोमवारी सकाळी अकरा वाजता बटण दाबलं. टोकाशी बारीक निळी ठिणगी दिसली, किंचित जळका वास आला आणि गुणगुण सुरू झाली. मीटरवर नेमके शंभर. आतल्या खोलीतून आवाज आला, "लागला का?"

दोन दिवस तिच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. मी आत गेलो. ती छताकडे बघत होती आणि श्वास एकसारखा चालला होता, खंड न पडता. ओठ हलले. यावेळी मी जवळ होतो म्हणून ऐकू आलं.

"वाढवा," ती म्हणाली.

दुपारी नर्सबाई आल्या. त्या रोज दोनदा यायच्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, छातीवर उलटं घड्याळ लावलेल्या. त्यांनी नाडी धरली, घड्याळ बघितलं, पुन्हा धरली. "काका, या अवस्थेत नाडी अशी नसते," त्या म्हणाल्या. चांगली आहे का, असं मी विचारलं. त्यांनी चादर नीट केली.

टोकाचा जोड साफ करायचा म्हणून मी संध्याकाळी पाती थांबवली. आतला श्वासही थांबला. मी कानस हातात धरून वीस सेकंद उभा राहिलो, मग बटण दाबलं. श्वास आला. हे एक वाचन झालं.

मी जे केलं ते इथे लिहायला मला लाज वाटते, पण नोंद पुरी असावी. मी स्टॉपवॉच घेतलं आणि तिच्या खोलीच्या दारात बसलो. बटणाला लांब वायर जोडून ते हातात धरलं. बंद केलं. तीस सेकंद, श्वास नाही. सुरू केलं, श्वास आला. मग तिसऱ्यांदा बंद केलं आणि चाळीसपर्यंत थांबलो. माझ्या सख्ख्या बहिणीवर, जिने मला आईच्या जागी वाढवलं तिच्यावर, मी वाचनं घेत होतो. सुरू केल्यावर तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे मान वळवली.

"असं मध्येच कापू नये," ती म्हणाली. आवाज कामावरचा होता.

त्यानंतर मी पातीला हात लावला नाही. बॅटरीला चार्जर जोडून ठेवला आणि टेबलाशेजारीच खाट टाकली. सेकंदाला शंभर म्हणजे एक कोटी व्हायला एक लाख सेकंद, म्हणजेच सत्तावीस तास, सेहेचाळीस मिनिटं आणि चाळीस सेकंद. मंगळवारी दुपारी पावणेतीन वाजून गेले आणि पाती चालूच राहिली. नियमाप्रमाणे ती आता तुटणार नव्हती. मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन आक्काचे पाय दाबत बसलो. माझी छातीही मोकळी झाली होती.

तेव्हाच लक्षात आलं, की ती ठरावीक अंतराने "वाढवा" म्हणते. मी स्टॉपवॉच काढलं. तीन मिनिटं. पुन्हा तीन मिनिटं. तिसऱ्यांदाही एका सेकंदाचा फरक नाही. झोपेत असली तरी ओठ हलायचे.

बुधवारी मी विचारलं, "कुणाची लाइन वाढवतेस, आक्का?"

"तुझी," ती म्हणाली.

मग तुकड्यातुकड्यांनी तिने सांगितलं. मी पाच वर्षांचा होतो, ती नुकती एक्स्चेंजमध्ये लागली होती. माझा श्वास अडकायला लागला, डॉक्टरांनी हात टेकले. घरात रेडिओ चालू होता, स्टेशन बंद झालं होतं, नुसती गुणगुण राहिली होती आणि तेवढ्यापुरता माझा श्वास चालत होता. आई म्हणाली, बंद कर तो. आक्काने केला नाही. अकरा दिवस तिने बॅटऱ्या बदलून बदलून तो चालू ठेवला. त्या गुणगुणीत कुणीतरी तिला विचारत होतं, जसं ती स्वतः कामावर विचारायची तसंच.

"मी हो म्हणत गेले. पुढे रेडिओ नसला तरी ऐकू यायचं."

कोण विचारायचं, असं मी म्हटलं. तिने मान हलवली. ऑपरेटरने पलीकडे कोण आहे ते ऐकायचं नसतं, एवढंच म्हणाली.

आजारी माणसाच्या डोक्यात जुनं-नवं एक होतं हे मला माहीत आहे. मी तिचा हात थोपटला आणि बाहेर आलो. बाहेर आल्यावर मला सत्तावन्न वर्षांतली तिची प्रत्येक दुपार आठवायला लागली, चिरता चिरता थांबलेली सुरी आणि हललेले ओठ. मी टेबलाशी बसून रडलो. पाती शेजारी गुणगुणत होती.

गुरुवारी डॉक्टर आले. आक्काने चार दिवस पाण्याच्या थेंबांपलीकडे काही घेतलं नव्हतं. पाठीला जखमा झाल्या होत्या, कूस बदलताना ती कण्हायची. डॉक्टर मला म्हणाले, की त्यांनी असं पाहिलेलं नाही आणि हे चांगलं लक्षणही नाही, देह संपलाय पण थांबत नाहीये. नर्सबाई टेबलावरच्या पातीकडे बघत होत्या. मी त्यांच्या आणि बटणाच्या मध्ये जाऊन उभा राहिलो.

ते गेल्यावर आक्का म्हणाली, "ठेव आता. मी दमले."

मी नाही म्हणालो. मला एकटं राहायचं नव्हतं. बासष्ट वर्षांचा माणूस आणि मोठ्या बहिणीपुढे पाय आपटत होता, दुसरं काही नाही.

शुक्रवारी सकाळी मीटर नव्व्याण्णव पूर्णांक सहा दाखवत होता. पातीचा सूर उतरतो तो एकाच कारणाने. मी भिंग लावलं. सुईने मारलेल्या रेघेवर केसाएवढी भेग होती, रुंदीच्या एक तृतीयांशापर्यंत गेलेली. कोटीचा नियम निर्दोष पातीसाठी असतो. ही संध्याकाळ पाहील असं मला वाटलं नाही.

दुसरी पाती करायची, पहिल्या पातीशेजारी वेगळ्या चापात बसवायची आणि पहिली तुटायच्या आत सुरू करायची. यावेळी पेन्सिल लागणार होती. मी आत गेलो. पेन्सिल आक्काच्या मुठीत होती. मी ओढली तशी तिने सोडली, आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं लहानपणी रेडिओचे सुटे भाग माझ्या मांडीवर दिसले तेव्हा बघितलं होतं. राग नव्हता. पुढे काय होणार ते तिला माझ्याआधी कळायचं, एवढंच.

दुपारी एकच्या सुमारास दुसरी पाती सुरू केली. तिचा सूर जरा खाली होता. असे दोन जवळचे सूर एकत्र वाजले, की आवाज फुगतो आणि बसतो, फुगतो आणि बसतो. सूर जितके जवळ येतील तितकं ते फुगणं संथ होतं आणि अगदी एक झाले की थांबतं. जुळवणी करायची हीच आमची पद्धत. पातीचं टोक किंचित घासलं की ती हलकी होते आणि सूर चढतो. दर वेळी नवी पाती थांबवायची, कानस एकदा फिरवायची, पुन्हा सुरू करायची.

तिसऱ्या फेरीला लक्षात आलं, की आक्काचा श्वास त्या फुगण्याबरोबर चालला आहे. आवाज फुगला की आत. बसला की बाहेर.

मी खुर्ची अशी सरकवली की दारातून ती दिसेल.

आणखी एकदा कानस. आता चार सेकंदांना एक श्वास. तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. कण्हणं थांबलं होतं. इथेच सोडायला हवं होतं. नवी पाती निर्दोष होती, जुनी जेवढा वेळ टिकेल तेवढा टिकेल.

"वाढवा," ती म्हणाली. तीन वाजून चार मिनिटं झाली होती.

मी आणखी एकदा कानस फिरवली.

आठ सेकंदांना एक.

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पेन्सिल माझ्या कानावर होती.

चौतीस वर्षांत एवढा फरक मी कधी पास केला नव्हता. हात आपोआप गेला, असं मी नंतर नर्सबाईंना सांगितलं. ते खरं आहे. पूर्ण खरं नाही.

मी शेवटची कानस फिरवली आणि बटण दाबलं.

आवाज एकदा फुगला. हळूहळू बसला. पुन्हा फुगला नाही. दोन पात्यांचा एकच सूर झाला, सपाट, त्यात कुठे सांधा नव्हता. आक्काने श्वास सोडला. मी पुढच्याची वाट पाहिली.

तीन वाजून सात मिनिटांनी तिचे ओठ हलले नाहीत.

टेबलावर टिक् असा आवाज झाला. जुनी पाती रेघेवर तुटली होती.

मी आत जाऊन तिचे डोळे मिटले. थोडा वेळ तिथेच बसलो. मग बाहेर येऊन नवी पाती बंद केली, कारण आता ती कुणासाठी चालणार होती?

श्वास घ्यायला गेलो आणि छाती उचललीच नाही. घशात काही अडकलं नव्हतं. दुखतही नव्हतं. फक्त आत येणारं काही नव्हतं. टेबलाची कड दिसेनाशी व्हायला लागली तेव्हा मी हात फिरवून बटण शोधलं.

गुणगुण सुरू झाली आणि श्वास आला.

हे एक वाचन. धक्क्याने होतं असं माणसाला. सगळं उरकल्यावर, आठव्या दिवशी, मी खुर्चीत नीट बसून दुसरं घेतलं. तिसरं घेतलेलं नाही. दोन म्हणजे योगायोग.

याला आता पाच महिने झाले. नवी पाती त्या रिकाम्या पेटीत बसवली आहे. ना स्पीकर, ना आणखी काही, नुसती पाती आणि बॅटरी. दर रविवारी भिंगाने बघतो. मुळाशी पेन्सिलची रेघ आहे, भेग नाही. कोटी केव्हाच उलटून गेली.

नर्सबाई अधूनमधून माझी चौकशी करायला येतात. गेल्या मंगळवारी दुपारी मी पेपर वाचत बसलो होतो आणि त्या बोलता बोलता पेटीवरची धूळ पुसत होत्या. पुढचं मला एवढंच आठवतं, की पेपर जमिनीवर होता आणि त्या बटणावर बोट ठेवून उभ्या होत्या. चेहरा पांढरा पडला होता. चुकून बंद झालं, काका, असं त्या म्हणाल्या. मी पाणी दिलं, त्यांनी घेतलं नाही, दहा मिनिटं छातीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. दारापर्यंत गेल्या आणि चपला घालता घालता त्यांनी विचारलं, की आक्का नोकरीला कुठे होत्या?

टेलिफोनमध्ये, मी म्हटलं. का?

त्या पेटीकडे बघत होत्या. "गुणगुण थांबली आणि पेटीतून एक बाई बोलल्या. अगदी सराईत, कामावरच्या आवाजात. तीन मिनिटं झाली म्हणाल्या. वाढवायची का म्हणाल्या."

मग तुम्ही काय म्हणालात, मी विचारलं.

"मला काय कळणार, काका. तुम्ही नुसते तोंड उघडून बसला होतात." त्यांनी छातीवरचं घड्याळ मुठीत धरलं. "मी हो म्हटलं. आणि तेव्हापासून त्या मला विचारतायत."